राजापूर खंय गेला?

२०२४ च्या एप्रिलअखेरीस मी गावी होतो, आणि आत्याचं लोकसभेचं मत न्यायला सरकारी माणसं घरी यायची होती. पंच्याऐंशीच्या वरच्या माणसांचं मत हल्ली घरी येऊन घेतात, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. "मत म्हंजे काय दुधाचो रतीब हा, घरी येवन घेवक?" असं दोन दिवस चाललं होतं. मग एका सकाळी दहाच्या सुमारास बोलेरो खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. दोन अधिकारी, एक पोलीस, एक शूटिंग करणारा पोरगा आणि वाट दाखवायला आमच्याच वाडीतली अंगणवाडीची बाई. आत्याने इस्त्रीचं लुगडं नेसून पडवीत खुर्ची मांडली होती. जिच्यावर मिक्सर असतो त्या स्टुलावर त्यांनी पुठ्ठ्याचा तीन बाजूंचा आडोसा उभा केला, तिच्या हातात मतपत्रिका दिली, पेन दिलं आणि सगळे माडाकडे तोंड करून उभे राहिले. शिक्क्याशिवाय मत कसं घालतात, खूण नेमकी कुठे करायची, हे तिने दोनदा विचारून घेतलं. दहा मिनिटं लागली. मग घडी, मग छोटं पाकीट, मग मोठं पाकीट, सही. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. समोर आलेला कागद वाचल्याशिवाय ती सोडत नाही, मग तो मीठाच्या पुडीचा का असेना. मोठ्या पाकिटावरचं एकेक अक्षर बोटाने ढकलत ती वाचत गेली आणि थांबली.

"ह्या काय? रत्नागिरी-सिंधुदुर्ग? राजापूर खंय गेला?"

अधिकारी तरुण होता, बोलण्यावरून घाटावरचा. एखादी एसटी बंद झाल्याचं सांगावं तसं त्याने सांगितलं, "आजी, राजापूर मतदारसंघ नाही आता. बंद झालं ते." एवढ्यावर विषय संपला असता. पण मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "आते, सोळा वर्षां झाली. २००८ सालीच गेला." तिने माझ्याकडे बघितलं. आमच्यात कोणी गेलं आणि म्हाताऱ्या माणसाला कळवायचं राहिलं, तर नंतर ते माणूस जसं बघतं, तसं. "आणि माका कोणी सांगूक नाय?"

ते वाक्य माझ्याबरोबर डोंबिवलीपर्यंत आलं.

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. २००९, २०१४ आणि २०१९, तीन निवडणुका ती राजापूरच्याच समजत होती. शाळेत जायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, बटण दाबायचं, शिटी वाजली की बाहेर. मशीनवर माणसांची नावं असतात, चिन्हं असतात, मतदारसंघाची पाटी कोण वाचतो? धरणाखाली गाव गेलं तर निदान उन्हाळ्यात देवळाचा कळस वर येतो. मतदारसंघ गेला तर मागे काय राहतं? राजपत्रातलं एक पान. परत गंमत अशी, की आत्याने उभ्या आयुष्यात राजापूर पाहिलेलंच नाही. आमचं गाव देवगड तालुक्यातलं. मुंबईला जाताना नांदगाव, खारेपाटण करत एसटी रात्रीची राजापूरला थांबायची, तेव्हा खिडकीतून दिसलेला पिवळा दिवा आणि चहावाल्याची हाक, एवढंच तिचं राजापूर. गंगा आली की आपण जाऊया, असं तिला घरातल्या तीन पिढ्यांनी सांगून झालंय. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या त्या गंगेचा भरवसा तो काय! चौदा कुंडांत ती येते आणि मनात येईल तेव्हा जाते. आमचं जाणं राहिलं ते राहिलंच.

तरी मतदारसंघाला नाव राजापूरचं. पहिल्या निवडणुकीत ह्या भागाला नुसतं ‘रत्नागिरी दक्षिण’ म्हणत. १९५७ ला राजापूर झालं. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता, तो झाला १९८१ साली. वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण, देवगड हे सगळं राजापूरच्या नावावर. वेंगुर्ल्याच्या माणसाला पणजी जवळ आणि राजापूर म्हणजे परमुलूख, पण पत्ता राजापूरचा. लग्नानंतर बाईला नवऱ्याचं आडनाव लागतं, तितक्याच निमूटपणे लोकांनी हे नाव लावून घेतलं असावं. आत्यानेही लावलं. ती त्याच सुमारास लग्न होऊन शेजारच्या वाडीत गेली होती.

१९५७ चं मत तिला अजून दिसतं. मला ते तिने इतक्या वेळा सांगितलंय, की मलाही दिसतं. शाळेच्या खोलीत गोणपाटाचा आडोसा, आत ओळीने पेट्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी आणि पेटीवर चिन्हाचा कागद. मतपत्रिकेवर खूण वगैरे काही करायची नव्हती, कोरी पत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत सोडायची. सासऱ्यांनी सांगितलं होतं, झोपडी. आत गेल्यावर अंधारात तिला झोपडी सापडेना. "हात लावन लावन बघलंय, चिकटवलेलो कागद लागता काय." शेवटी सापडली. नाथ पै म्हणजे कोण, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. बॅरिस्टर आहेत, वेंगुर्ल्याचे आहेत, संयुक्त महाराष्ट्रवाले आहेत, असं सासरे म्हणाले, म्हणजे असणार. पुढच्या निवडणुकीला मात्र ती सभा ऐकायला गेली. गॅसबत्त्या, बायका एका बाजूला, मांडीवर पोर. काय बोलले ते विचारलं तर म्हणते, "शब्द खंयचे लक्षात ऱ्हवतले? आवाज हा." मी मोठा झाल्यावर वाचलं, की गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून १९६७ ला खाजगी विधेयक आणणारे ते हेच, ते विधेयकच त्यांच्या नावाने ओळखलं गेलं. दिल्लीत घटनेच्या कलमांवर वाद घालणारा माणूस आणि गोणपाटाआड चाचपडत झोपडी शोधणारी माझी आत्या, ह्यांच्यामध्ये काहीतरी एक धागा होता आणि त्याचं नाव राजापूर होतं, एवढंच मला म्हणता येईल.

१९७१ च्या जानेवारीत, १८ तारखेला, ते बेळगावात गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. निवडणूक जाहीर झालेली, लोकसभा विसर्जित झालेली. तीन वेळा निवडून आलेला माणूस चौथ्या वेळेच्या उंबरठ्यावर गेला. आमच्या घरी त्या दिवशी चूल उशिरा पेटली, असं आई सांगायची. मी तेव्हा काही महिन्यांचा होतो, म्हणजे माझ्या दुधाची सोय झाली असणार, बाकीच्यांचं काय ते माहीत नाही.

मग आले मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. कोकणाशी नातं म्हणाल तर चळवळीचं. इंदिराबाईंची लाट अशी, की प्रजा समाजवादी पक्षाच्या सगळ्या देशात दोन जागा आल्या. एक बंगालात कांथीची आणि दुसरी आमची. मला ह्याचा लहानपणी फार अभिमान वाटायचा, जसं काही मी स्वतः मत घातलं होतं. पुढे १९८४ ला महाराष्ट्रात अठ्ठेचाळीसपैकी त्रेचाळीस जागा काँग्रेसने नेल्या, तेव्हाही राजापूर जनता पक्षाकडेच. वडील म्हणायचे, आपल्याकडे लाट येते ती फक्त समुद्रावर. १९५७ पासून २००४ पर्यंत राजापूरला तेरा वेळा निवडणूक झाली आणि खासदार झाले चार. बॅरिस्टर, प्राध्यापक, फौजी, चार्टर्ड अकाउंटंट. काँग्रेसचा त्यातला एकच, एकदाच. हे लोकांचं शहाणपण होतं की नुसता हटवादीपणा, ह्यावर आमच्या पडवीत पुष्कळ चहा झालाय. मला स्वतःला वाटतं, थोडा गर्वही होता. मनीऑर्डरीवर जगणाऱ्या मुलखाला आपला खासदार लोकसभेत उठला की सगळे गप्प बसतात, ह्याचं अप्रूप. रस्ता नाही, पूल नाही, होडीतून उतरून चिखल तुडवत घरी जायचं, पण खासदार कोण, तर दंडवते.

मी त्यांना एकदाच जवळून पाहिलं. १९८० असेल, हायस्कूलच्या पटांगणात सभा होती आणि आम्ही पोरं पुढे मातीत बसलो होतो. जाड भिंगांचा चष्मा आणि हातवारे न करता बोलणं. मास्तर फळ्यावर गणित सोडवतात तसं. मला त्यातलं एकच कळलं, रेल्वे. सगळ्या सभांत रेल्वे असायची. ते स्वतः १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला लावला तो त्यांनीच, साऱ्या देशाची पाठ त्यांनी मऊ केली आणि त्यांच्या मतदारसंघात रुळाचा एक तुकडा नव्हता. माझ्या एका चुलत्याने जन्मात पहिल्यांदा आगगाडी पाहिली ती दादरला, एसटीतून उतरून. त्या सभेत मागून कोणीतरी ओरडलं, "रेल्वे येतली तेवा आमी आसू काय?" लोक हसले. दंडवतेही हसले असं मला आठवतं, पण हे मी नंतर स्वतःच जोडलेलं असू शकतं.

आता चाकरमान्यांबद्दल बोललं पाहिजे, त्यांच्याशिवाय राजापूरची गोष्ट लंगडी.

मतदारसंघ कोकणात, पण त्याचं अर्धं डोकं लालबाग-परळात. गावाकडे म्हातारे, बायका आणि पोरं. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागे अकराशे बावीस बायका मोजल्या गेल्या. हे काही कोणतं पुण्य नव्हे, पुरुष मुंबईत होते. निवडणूक आली की मुंबईहून पत्र यायचं. आमच्या घरी यायचं ते निळं आंतर्देशीय, मधल्या घडीवरही लिहिलेलं. सुरुवातीला ‘आपण सर्व खुशाल असाल’, मग मनीऑर्डर किती आणि कधी, मग गायीची चौकशी आणि शेवटी, जागा संपत आल्यावर, बारीक अक्षरांत कडेने, मत कुणाला घालायचं ते. आई ते पत्र मोठ्याने वाचायची, शेवटचं वाक्य मात्र मनात. "बघूया," म्हणायची. तिने खरंच कुणाला मत घातलं, हे वडिलांना मरेपर्यंत कळलं नाही. उमेदवार मंडळी कोकणाच्या प्रचाराच्या सभा गिरणगावातल्या चाळींत घ्यायची ती ह्याचसाठी. कोकणातली मतं मुंबईत पिकायची आणि टपालाने यायची. १९८२ च्या संपानंतर मनीऑर्डरी बारीक झाल्या, पत्रंही बारीक झाली.

माझं पहिलं मत १९८९ चं. अठराव्या वर्षी मत घालू देणारी ती पहिलीच लोकसभा. राजापूरला मी आयुष्यात घातलेलं ते एकमेव मत. चक्रावर शिक्का मारताना हात थरथरला, कागद घडी घालताना शाई पलीकडच्या चिन्हावर लागेल की काय म्हणून मी फुंकर मारत बसलो आणि मागच्या म्हाताऱ्याने खाकरून दाखवलं. दंडवते निवडून आले, अर्थमंत्री झाले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९९० साली कोकण रेल्वेचं महामंडळ झालं, इंजिनियर श्रीधरन आले, आणि इतकी वर्षं सभांतून ऐकलेली रेल्वे खरोखर येणार असं दिसायला लागलं. मी त्याच वर्षी मे महिन्यात पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढवून मुंबईला निघालो. १९९१ ला दंडवते पडले. त्या रात्री मी डोंबिवलीत एका खोलीत चार जणांबरोबर राहत होतो, नाव अजून गावच्या यादीत होतं आणि रजा मिळाली नाही म्हणून गेलो नव्हतो. रजा मागितली नव्हती, हे खरं. वडिलांचं पत्र आलं. त्यात गायीचं होतं, आंब्याचं होतं, निवडणुकीबद्दल अक्षर नव्हतं.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्या सुमाराचे राजापूरचे खासदार म्हणजे सुरेश प्रभू. चार वेळा निवडून आले ते. पुढे २०१४ ला तेही रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा राज्यसभेत आणि हरियाणातून. ज्या मतदारसंघात १९९० पर्यंत रूळ नव्हता त्याच्या दोन खासदारांना रेल्वे खातं मिळावं, ह्यात काही अर्थ शोधू नये, पण मला ते आठवलं की हसू येतं. गाडी आली आणि मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली. गणपतीला लोक जास्त यायला लागले, हे बरोबर. पण जाणंही सोपं झालं. एसटीत ओकत, अंग मोडून घेत जावं लागायचं तोवर माणूस जाताना निदान दोनदा विचार करायचा.

२००१ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बाई आमच्या डोंबिवलीच्या दारात आल्या. बायको कुकर लावत होती, मुलगी पेन्सिलने भिंतीवर काहीतरी काढत होती. बाईंनी विचारलं, घरात किती माणसं? मी सांगितलं, तीन. जन्मगाव? सांगितलं. इथे किती वर्षं? अकरा. त्यांनी तक्त्यात आकडे भरले, पाणी प्यायल्या आणि गेल्या. दारावर खडूने एक नंबर लिहून ठेवला होता, तो पावसाळ्यापर्यंत होता. त्याआधी कधीतरी मी मतदारयादीचा फॉर्म भरून गावचं नाव कमी करून घेतलं होतं आणि इथलं चढवलं होतं, रेशनकार्डाचं काम अडलं होतं म्हणून. ह्या दोन्ही गोष्टी मी विसरूनही गेलो. कुलदीप सिंग आयोगाने मतदारसंघांची फेरआखणी केली ती २००१ च्याच शिरगणतीवर. राज्याच्या जागा अठ्ठेचाळीसच ठेवायच्या होत्या, म्हणजे कुठे एक वाढली की दुसरीकडे एक घटणार. ठाणे जिल्हा एक्क्याऐंशी लाखांवर गेला होता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून पंचवीस-सव्वीस लाख, आणि पुढच्या दहा वर्षांत तर दोन्ही जिल्ह्यांची माणसं वाढायच्या ऐवजी चक्क घटली. २००८ ला आदेश लागू झाला. रत्नागिरी आणि राजापूर मिळून एक जागा उरली, त्यातून दापोली-गुहागर रायगडला गेले. आमचा देवगड विधानसभेच्या यादीतूनही गेला, कणकवलीत विरघळला. म्हणजे आत्याचे दोन्ही पत्ते गेले. आणि त्याच आदेशाने ठाण्याकडे नवे मतदारसंघ निघाले, त्यातला एक कल्याण. डोंबिवली कल्याणात येते. माझ्या मतदान चिठ्ठीवर तेव्हापासून ‘२४ कल्याण’ असतं.

हा हिशेब मी त्या एप्रिलमध्ये, दिवा स्टेशनाला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून पहिल्यांदा नीट मांडला. आत्याने विचारलं होतं, खंय गेला. अधिकाऱ्याला उत्तर ठाऊक नसणं ठीक. मला ठाऊक असायला हरकत नव्हती. राजापूर कुठे गेलं, तर मी गेलो तिथे गेलं. माझ्या ट्रंकेबरोबर, त्या खोलीतल्या चार जणांबरोबर, त्यांच्या बायकापोरांबरोबर. एकटा मी म्हणजे कोण मोठा, पंचवीस लाखांतलं एक डोकं. पण बाईंच्या तक्त्यात ‘तीन’ मी सांगितले होते, दुसऱ्या कुणी नाही. वाईट वाटलं का? थोडं. पण कल्याण मतदारसंघात नाक्यावर सहज मालवणी ऐकू येते, दर दोन इमारतींमागे एक दशावताराची वर्गणी फिरते, आणि मासे घेताना ‘गावचो खंयचो?’ विचारणारा कोणी ना कोणी भेटतोच, हेही तितकंच खरं. त्यामुळे नक्की काय वाटायला हवं, ते ठरेना. नांदगाव गेलं, वैभववाडी गेलं, मग दोन्ही अंगाला जांभा कापलेल्या भिंती, बोगदे, आणि एकदम उघड्यावर येऊन गाडी थांबली. फलाटावर पिवळी पाटी, ‘राजापूर रोड’. कोकम सरबतवाला डब्याच्या बाजूने धावत गेला. गाव स्टेशनापासून चांगलं लांब, इथून त्याचं कौलही दिसत नाही. समोरच्या बाकावरच्या मुलाने मोबाइलमधून मान वर काढून बापाला विचारलं, "इथे काय आहे?" बाप म्हणाला, "काही नाही, क्रॉसिंग असेल."

आत्याकडचं मतदान ७ मेचं होतं, आमचं २० मेला झालं. ४ जूनला निकाल. संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणजे तिने शेजारच्या मुलाला लावायला लावला आणि नेहमीसारखं, फोन लांब आहे म्हणून, ओरडून बोलायला लागली.

"आमचो कोण इलो?"

मी नाव सांगितलं.

"राजापुरात?"

ह्या वेळी मी ठरवलं होतं. म्हटलं, "होय, आते. राजापुरात."

पलीकडे क्षणभर काही नाही, नुसता वारा आणि कोंबडीचा आवाज.

"खोटा कित्याक सांगतंस? त्या पोरग्यान सांगल्यान ना माका, राजापूर बंद झाला म्हणान. ठेव फोन. पाऊस येता दिसता, भायर लाकडां पडली हत."